कुटुंब-मेळाव्याची निमंत्रणपत्रिका घरच्या घरी

नाताळच्या अष्टकात येणारा पवित्र कुटुंबाचा सण आणि मे महिन्याची सुट्टी या दोन निमित्तांनी वसई परिसरातील अनेक घराण्यांचे मेळावे भरत असतात. एका आजोबा-आजीपासून वाढलेली तीन-चार पिढ्यांची मंडळी एका दिवसासाठी एकत्र येतात, मिस्साबलिदानात सहभागी होतात, एका पंगतीत जेवतात आणि एरवी केवळ अंत्यविधीला भेटणारी चुलतभावंडे त्या दिवशी आनंदाच्या प्रसंगी एकमेकांना भेटतात. ही प्रथा निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र या मेळाव्यांचे निमंत्रण अलीकडे बहुधा मोबाइलवरील एखाद्या तयार चित्रातून येते. गुलाबाची फुले, दोन कबुतरे, सोनेरी अक्षरांतील इंग्रजी मजकूर आणि खाली तारीख व वेळ. शंभर जणांना ते एकाच क्षणी पोहोचते आणि तितक्याच वेगाने विस्मृतीत जाते. ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही, किंवा ज्यांचा क्रमांक कोणाकडेच नाही, त्यांना ते पोहोचतही नाही. आणि मेळाव्याची खरी गरज पुष्कळदा त्यांनाच असते.

घराण्याने आपली पत्रिका स्वतःच तयार करावी असे सुचवण्यामागे खर्च वाचवणे हा हेतू गौण आहे. पत्रिका करायला बसले की पहिलाच प्रश्न उभा राहतो : बोलवायचे कोणाला? या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावे लागते, आणि ते लिहिताना आपले कुटुंब म्हणजे नेमके कोण, याचा निर्णय नकळत होऊन जातो. म्हणून प्रस्तुत लेखात कागद व छपाईपेक्षा यादीविषयी अधिक लिहिले आहे.

कुळाच्या मेळाव्याची परंपरा पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात दावीद शौल राजाच्या पंगतीला गैरहजर राहतो, तेव्हा योनाथान त्याच्या वतीने कारण सांगतो की, बेथलेहेमात त्याच्या कुळाचा यज्ञ आहे आणि त्याच्या भावाने त्याला बोलावले आहे. शौलाच्या रागापासून दूर राहण्यासाठी हे निमित्त पुढे केले होते, ही गोष्ट खरी. परंतु राजापुढे ठेवता यावे इतके ते कारण सर्वमान्य होते, हेही त्यातून दिसते. कुळाचा वार्षिक मेळावा आणि थोरल्या भावाचे बोलावणे यांपुढे राजाची पंगतही मागे सारता येत होती.

त्याहून बोलका प्रसंग इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात आहे. हिज्कीया राजाने वल्हांडण सणासाठी सर्व इस्राएलाला यरुशलेमेस बोलावण्याचे ठरवले. सर्व म्हणजे केवळ आपल्या यहूदातील प्रजेला नव्हे, तर शलमोनानंतर फुटून वेगळ्या झालेल्या उत्तरेकडील वंशांनाही. त्याने पत्रे लिहिली आणि जासूद ती घेऊन नगरोनगरी गेले. एफ्राइम व मनश्शे यांच्या प्रदेशात लोकांनी त्यांची टर उडवली. तरीही आशेर, मनश्शे व जबुलून या वंशांतील काही जण नम्र होऊन आले. काही जण, सर्व नव्हेत. फुटलेल्या कुळाला पाठवलेल्या निमंत्रणाचे इतके वास्तव वर्णन अन्यत्र क्वचितच आढळेल. शिवाय त्याच अध्यायात असेही नमूद आहे की, याजकांची पुरेशी तयारी नव्हती व लोकही जमले नव्हते, म्हणून सण पहिल्या महिन्याऐवजी दुसऱ्या महिन्यात करण्यात आला. माणसे जमावीत म्हणून तारीख पुढे ढकलण्यास इतका जुना आधार आहे, हे मेळाव्याच्या आयोजकांनी लक्षात ठेवावे!

यादी : चर्चच्या नोंदवहीपासून

यादीची सुरुवात बहुतेक जण स्मरणशक्तीवर करतात आणि तिथेच ती अपुरी राहते. आपल्या भागात यात एक विशेष अडचण आहे. पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, बाप्तिस्मा घेणाऱ्यांना धर्मगुरूंची वा धर्मपित्यांची आडनावे मिळाली. परिणामी एकाच गावात लोपीस, परेरा, फर्नांडिस किंवा डिमेलो आडनावाची कितीतरी घरे असतात आणि त्यांचा परस्परांशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. याउलट सख्खे नातेवाईक लग्नसंबंधांमुळे वेगळ्याच आडनावांखाली विखुरलेले असतात. म्हणूनच आपल्याकडे घराला वा कुळाला टोपणनाव असते व गावात माणूस त्याच नावाने ओळखला जातो. यादी करताना आडनावापेक्षा हे घराचे नाव अधिक उपयोगी पडते. पत्रिकेवरही ते अवश्य छापावे. कित्येक घरांत ते आता फक्त साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनाच ठाऊक आहे.

स्मरणशक्तीला पूरक असे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ५३५ व्या नियमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मूल, आईवडील, धर्मपिता व धर्ममाता, तसेच जन्माचे व संस्काराचे स्थळ आणि तारीख असते. परंतु वंशशोधाच्या दृष्टीने नोंदीइतकाच तिच्या बाजूचा समास महत्त्वाचा आहे. विवाह कोठेही झाला तरी त्याची सूचना वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाकडे पाठवावी व ती तेथील बाप्तिस्मा-नोंदीवर लिहावी, असा नियम आहे. १९०७ साली निघालेल्या व १९०८ च्या ईस्टरपासून अमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्रापासून ही पद्धत सर्वत्र लागू झाली. याचा अर्थ असा की, शंभर वर्षांपूर्वी आगाशीला किंवा थेट मुंबईला दिलेल्या पणजीच्या बहिणीचा माग तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारच्या एका ओळीत सापडू शकतो. घराण्याच्या वंशावळीत लेकींच्या शाखा लग्नापाशी तुटतात. चर्चच्या वहीत त्या तुटत नाहीत.

जुन्या नोंदी लॅटिन वा पोर्तुगीज भाषेत असतात, म्हणून बिचकून जाऊ नये. लॅटिनमधील चार-पाच शब्द ओळखता आले तरी काम भागते. ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा व ‘फिलिया’ म्हणजे मुलगी. ‘नातुस’ वा ‘नाता’ म्हणजे जन्मलेला वा जन्मलेली. ‘पात्रिनुस’ म्हणजे धर्मपिता व ‘मात्रिना’ म्हणजे धर्ममाता. धर्मपित्याचे नाव दुर्लक्षू नये. तो बहुधा मामा वा काका असे आणि त्याच्या नावावरून पुढची शाखा हाती लागते.

मात्र नोंदवह्या पाहण्याची एक रीत आहे. त्या धर्मग्रामाच्या ताब्यातील मौल्यवान दस्तऐवज आहेत व त्यांत इतरांच्याही खाजगी बाबी असतात. तेव्हा ‘वही द्या, आम्ही बघून घेतो’ अशी मागणी करणे योग्य नव्हे. प्रमुख धर्मगुरूंना आधी भेटून हेतू सांगावा. नाव, आईवडिलांची नावे आणि जन्माचे अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून द्यावे व कार्यालयाच्या सोयीने उतारा मागावा. सणासुदीचे व लग्नसराईचे दिवस टाळावेत. मेळावा नाताळात असेल, तर हे काम पावसाळ्यात उरकलेले बरे.

वहीनंतर दफनभूमीतील क्रूस व शिलालेख आणि घरातील जुनी प्रार्थनापुस्तके पाहावीत. जन्म-मृत्यूच्या तारखा प्रार्थनापुस्तकांच्या पहिल्या पानावर लिहिण्याची सवय आपल्या वाडवडिलांना होती. जमिनीच्या सात-बारा उताऱ्यावरील व फेरफारातील वारस-नोंदींतूनही नावे मिळतात. पण त्या कागदांना हात घालताना जपावे. ज्या कागदावर घराण्याची सर्व नावे एकत्र असतात, त्याच कागदावरून घराणी फुटलेली आहेत.

ज्यांचे नाव लिहिताना हात थांबतो

येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. यादी पूर्ण होत आली की तीत दोन-तीन नावे अशी उरतात, की ज्यांच्यापाशी सर्व जण गप्प होतात. वाटणीवरून पंधरा वर्षे अबोला धरलेला भाऊ. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध अन्यधर्मीय व्यक्तीशी विवाह केलेली मुलगी. विभक्त झालेल्या मुलाची पत्नी, जिच्यापाशी आपली नातवंडे आहेत. व्यसनामुळे सर्वांना नकोसा झालेला पुतण्या. आणि एक नाव असेही असते, की जे कोणाच्या मनातच येत नाही : हक्कसोड पत्रावर सही करून देऊन माहेराशी संबंध संपलेली बहीण.

या शेवटच्या नावाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांचा वाटा समान असतो. तरीही जमिनीला भाव आल्यानंतरच्या काळात कितीतरी बहिणींनी भावांच्या शब्दाखातर आपला हक्क सोडून दिला. काहींनी आनंदाने दिला, काहींनी अश्रू गिळून. अशा बहिणीला मेळाव्याचे बोलावणे धाडताना ती केवळ पाहुणी आहे, अशा सुरात ते लिहिले गेले, तर जखमेवरची खपली निघते. तिचे व तिच्या मुलांचे नाव वंशवृक्षात भावांच्या बरोबरीने असावे. निमंत्रकांमध्येही तिचे नाव असावे. जमिनीचा प्रश्न याने सुटत नाही आणि पत्रिकेने तो सोडवण्याचा आव आणूही नये.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला सांगतो की, मेजवानीस केवळ आपले मित्र, भाऊ, नातलग व धनवान शेजारी यांनाच बोलावू नकोस, तर ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांना बोलाव. कुटुंब-मेळाव्याला हे वचन लागू कसे करावे, असा प्रश्न पडेल. मेळावा तर नातलगांचाच! परंतु प्रत्येक घराण्यात परतफेड करू न शकणारे नातलग असतातच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमोरिस लेतिसिया’ या पत्राच्या पाचव्या अध्यायात विस्तृत कुटुंबाचा विचार मांडला आहे. त्यात त्यांनी एकट्या पडलेल्या माता, पोरकी मुले, अपंग, व्यसनाशी झुंजणारे तरुण, अविवाहित, विभक्त व विधवा-विधुर या सर्वांना मोठ्या कुटुंबाने आपल्यात सामावून घ्यावे, असे म्हटले आहे. यादी तपासताना हा परिच्छेद (क्रमांक १९७) समोर ठेवण्यासारखा आहे.

अबोला असलेल्या घरी पत्रिका टपालाने किंवा मुलाच्या हाती पाठवू नये. मोबाइलवर तर मुळीच नको. वडीलधाऱ्या व्यक्तीने, शक्य तर भांडणाशी संबंध नसलेल्या एखाद्या मामाला वा आत्याला सोबत घेऊन, स्वतः जावे. पत्रिका द्यावी, पाणी दिले तर प्यावे, आणि जुना विषय निघाला तरी त्या दिवशी त्याला उत्तर देऊ नये. ‘येणार ना?’ असा होकाराचा आग्रह धरू नये. आलेच नाहीत, तरी त्यांच्यासाठी पंगतीत पाने धरून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे. हिज्कीयाच्या जासूदांना मिळाली त्याहून वाईट वागणूक बहुधा मिळणार नाही.

मजकूर कसा असावा

आपल्या समाजात निमंत्रण मुळात तोंडी असे. घरातील वडीलधारे घरोघर जाऊन बोलावणे करीत व त्या बोलावण्याला स्वतःची भाषा होती. छापील पत्रिका आली तेव्हा तिच्यासोबत एक परकी शब्दकळाही आली. नावामागे ‘कै.’ लिहिण्याची सवय अजूनही दिसते. कैलासवासी या शब्दाऐवजी ‘ख्रिस्तवासी’ किंवा ‘प्रभुवासी’ हे आपले शब्द वापरावेत. विधवांच्या नावामागे ‘गं. भा.’ न लिहिता ‘श्रीमती’ लिहावे. पदव्या व पदे गाळावीत. वकील, इंजिनियर, नगरसेवक हे सर्व त्या दिवशी कोणाचे तरी नातू असतात.

आजीच्या माहेरचे नाव न विसरता लिहावे. ती कोणत्या गावाहून व कोणत्या घरातून आली, हे छापील स्वरूपात उतरण्याची ही कदाचित पहिलीच वेळ असेल.

नमुन्यादाखल एक मजकूर देत आहोत. रिकाम्या जागी आपापला तपशील भरावा व भाषा आपल्या घरच्या वळणाची करून घ्यावी.

‘प्रभुकृपेने,
ख्रिस्तवासी ........ (आजोबांचे पूर्ण नाव, घराचे नाव) आणि ख्रिस्तवासी ........ (आजीचे पूर्ण नाव, माहेरचे नाव व गाव) यांच्या लेकी व मुलगे, जावई व सुना, नातवंडे व पतवंडे यांचा मेळावा ........ वार, दिनांक ........ रोजी योजिला आहे. सकाळी ........ वाजता ........ चर्चमध्ये उपकारस्तुतीची मिस्सा होईल. त्यानंतर ........ येथील जुन्या घराच्या अंगणात सर्वांनी जमावे, गप्पागोष्टी कराव्यात व दुपारचे जेवण एकत्र घ्यावे, अशी इच्छा आहे.
आपण घरचीच माणसे आहात. आपल्यावाचून पंगत पुरी होणार नाही. तरी सहकुटुंब अवश्य यावे.
घरात एखादा जुना फोटो असल्यास सोबत आणावा. आहेर आणू नये. येणाऱ्यांची संख्या दिनांक ........ पर्यंत ........ यांना कळवावी.
आपली वाट पाहणारे,
........ (प्रत्येक शाखेतून एक नाव)’

निमंत्रकांची नावे वयानुसार असावीत. मुलगे आधी व मुली नंतर अशी उतरंड नको. वर्गणी काढायची असेल, तर ती पत्रिकेवर छापू नये. ज्याला ती रक्कम जड आहे, तो पत्रिका वाचतानाच न येण्याचे ठरवतो आणि कारण मात्र दुसरेच सांगतो. वर्गणीचे बोलणे प्रत्येक शाखेच्या प्रमुखाने खाजगीत करावे.

मिस्सेची वेळ छापण्यापूर्वी प्रमुख धर्मगुरूंची संमती घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. तरीही पत्रिका छापून झाल्यावर चर्चमध्ये धाव घेणारे दरवर्षी आढळतात. मिस्सा चर्चमध्येच व्हावी, हा सर्वसाधारण नियम आहे. अंगणात किंवा सभागृहात ती हवी असल्यास आधी विचारावे लागते आणि नकार मिळाल्यास तो आनंदाने स्वीकारावा लागतो. रविवारी मेळावा असेल, तर त्या रविवारचीच उपासना असते. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ टाळणे उचित. पवित्र कुटुंबाचा सण नाताळच्या अष्टकातील रविवारी येतो. त्या आठवड्यात रविवार नसल्यास तो ३० डिसेंबरला साजरा होतो. लिओ तेरावे यांनी १८९३ साली मान्यता दिलेला हा सण बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२१ साली सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला. आजी-आजोबा हयात असतील, तर आणखी एक सुंदर निमित्त आहे : २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी, म्हणजे संत योआकिम व संत अन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या आसपास, आजी-आजोबा व वृद्धजनांचा जागतिक दिन पाळला जातो. वसईचा पाऊस आडवा येतो खरा, पण ओटीवर बसून पाऊस पाहणाऱ्या आजीला माणसे भेटली तर पाहिजेच असतात.

परदेशी वा इंग्रजी माध्यमात वाढलेल्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून संपूर्ण पत्रिकाच इंग्रजीत काढण्याची प्रवृत्ती आहे. ती योग्य वाटत नाही. मुख्य मजकूर मराठीत ठेवून मागील बाजूस चार ओळींचा इंग्रजी सारांश द्यावा. आणि कादोडी, वाडवळी, कोळी अशी जी घरची बोली असेल, तिच्यात निदान एक ओळ असावी. ती ओळ घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला सांगायला लावून जशी ऐकू येईल तशी लिहावी. बोलीच्या शुद्धलेखनावरून वाद घालत बसू नये.

कागद, अक्षरे, छायाचित्र

प्रत्यक्ष पत्रिका करणे हा भाग तुलनेने सोपा आहे. ए-४ आकाराचा एक कागद (२१० बाय २९७ मिलिमीटर) मधोमध दुमडला की चार पानांची सुबक पत्रिका होते : पुढे चित्र, आत मजकूर व कार्यक्रम, मागे वंशवृक्ष. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो व तो पत्रिकेला पातळ पडतो. १२० ते १६० जीएसएमचा कागद घरच्या छपाईयंत्रात बहुधा अडकत नाही आणि हातात घेतल्यावर त्याचे वजन जाणवते. प्रती शंभराहून अधिक असतील, तर एक स्वच्छ प्रत घरी काढून बाकीच्या जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काढाव्यात.

मराठी टंकलेखनात एक खाचखळगा आहे. छापखान्यांतून अजूनही वापरले जाणारे जुने फॉन्ट युनिकोडपूर्व काळातील असतात. त्यांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वा मोबाइलवर उघडला की अर्थहीन चिन्हे दिसतात. म्हणून आरंभापासून युनिकोडमध्येच टंकावे. ‘मुक्ता’, ‘नोटो’ यांसारखे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. काही चित्र-संपादन प्रणालींत भारतीय लिपीची सोय वेगळी सुरू करावी लागते. नाही तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि ‘ख्रिस्त’ या शब्दातील जोडाक्षर तुटते. तो शब्द नीट उमटला, तर बाकीचे बहुधा नीट उमटते. वृद्धांसाठी मजकूर किमान १४ पॉइंटचा असावा.

आजी-आजोबांचे छायाचित्र घ्यायचे असल्यास मोबाइलने त्याचा फोटो काढण्यापेक्षा ते स्कॅन करावे. मूळ आकारात छापायचे तर ३०० डीपीआय पुरते. जुनी छायाचित्रे लहान असतात. ती दुप्पट मोठी करायची असल्यास ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये, काचेसकटच स्कॅनरवर ठेवावे.

प्रभू येशूचे वा पवित्र मरियेचे चित्र पत्रिकेवर छापावे काय? याविषयी मतभेद असतील, परंतु पत्रिका शेवटी रद्दीत जाते व पवित्र चित्र पायदळी येते, हे लक्षात घेऊन ते टाळलेले बरे. एक साधा क्रूस पुरेसा आहे. त्याऐवजी घरातील मुलांकडून जुन्या घराचे, अंगणातील विहिरीचे, केळीच्या वाडीचे वा पानवेलीच्या मांडवाचे काळ्या पेनाने रेखाचित्र काढून घ्यावे. रेखाचित्राची झेरॉक्स छायाचित्रापेक्षा कितीतरी स्वच्छ येते. शिवाय विहीर बुजवली गेली असेल, तर ती कशी होती हे विचारण्यासाठी मुलांना आजोबांपाशी बसावे लागते.

मागील पानावरचा वंशवृक्ष चार पिढ्यांपुरता मर्यादित ठेवावा. अधिक माहिती मेळाव्याच्या दिवशी मोठ्या कागदावर भिंतीला लावता येईल. फांद्यांचे चित्र काढण्याच्या भरीस न पडता क्रमांक द्यावेत : १ हे पहिले अपत्य, १.१ हे त्याचे पहिले अपत्य, याप्रमाणे. दिवंगतांच्या नावापुढे लहान क्रूस काढावा. बालपणीच निधन पावलेल्या भावंडांची नावेही घालावीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता व ती कुटुंबाचीच होती. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते आणि विशेषतः मुलांच्या शाळांची नावे मात्र छापू नयेत. कागदावरची पत्रिका उद्या कोणाच्या तरी मोबाइलवरून चारचौघांत फिरणारच आहे.

छापण्यापूर्वी कच्ची प्रत प्रत्येक शाखेला दाखवावी व त्यांच्याकडून नावे तपासून घ्यावीत. गाळलेला जावई आणि चुकलेले नाव या दोन गोष्टींवरून उठलेली वादळे बराच काळ शमत नाहीत.

वाटप

नाताळच्या मेळाव्यासाठी पत्रिका वाटण्यास २ नोव्हेंबर हा दिवस सर्वांत सोयीचा. सर्व मृतांच्या स्मृतिदिनी विखुरलेल्या शाखा एकाच दफनभूमीत, एकाच कबरीपाशी येतात. तेथे सर्व जण भेटतात व दुरून आलेल्यांकडे नंतर खेप घालावी लागत नाही. अर्थात तत्पूर्वी घरातील सर्वांत वडील व्यक्तीला पहिली पत्रिका तिच्या घरी जाऊन द्यावी.

टपालाने पाठवायच्या पत्रिकांबाबत एक बदल ध्यानात घ्यावा. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टाची स्वतंत्र सेवा राहिलेली नाही. ती स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात असलेल्यांना पीडीएफ पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवल्यास ते दाबले जाऊन अक्षरे पुसट होतात. तेच दस्तऐवज म्हणून पाठवल्यास मूळ स्वरूपात पोहोचते. सोबत आजीच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचे बोलावणे ध्वनिमुद्रित करून धाडावे.

प्रभू येशूच्या दृष्टान्तातील यजमान आधी निमंत्रण देतो आणि जेवण तयार झाल्यावर नोकराला पाठवून पुन्हा बोलावतो. ही दुहेरी पद्धत आजही आवश्यक आहे. पत्रिका दिल्यानंतर मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक घरी एक फोन जावा. हे काम शाखावार वाटून द्यावे. सर्व फोन एकाच उत्साही पुतणीच्या गळ्यात पडू नयेत.

दहा-बारा पत्रिका नावे न घालता राखून ठेवाव्यात. यादी कितीही कसोशीने केली, तरी वाटपाच्या दिवसांतच कोणीतरी सांगते की, पणजोबांचा एक भाऊ पालघरकडे गेला होता व त्याची माणसे अजून तेथे आहेत.